तेवीस वर्षं वाया गेली म्हणता?

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की आपल्याकडे एक ठरलेला वाद ठरलेल्या क्रमाने सुरू होतो. एखादी नटी किंवा नट गळ्यात पक्षाचा गमछा घालून व्यासपीठावर येतो, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो आणि तिसऱ्या दिवसापासून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, तोंडाला रंग लावणाऱ्यांनी रंगच लावावा, कायदे करणं हे त्यांचं काम नव्हे. दुसरा म्हणतो, कलावंत संवेदनशील असतो, तो आला तर राजकारणाला जरा माणुसकी येईल. मला हे दोन्ही तट सारखेच आळशी वाटतात. पहिला कलावंताचा अपमान करतो, दुसरा त्याला लाडावून ठेवतो. तो सभागृहात पोचल्यावर तिथे नेमकं करतो काय, हे बघायला मात्र दोघांपैकी कुणीच थांबत नाही.

जून २०२३ मध्ये ग्लेंडा जॅक्सन गेली, तेव्हा हाच वाद वेष पालटून पुन्हा भेटला. सत्त्याऐंशी वर्षांची ब्रिटिश अभिनेत्री, नावावर दोन ऑस्कर, आणि उतारवयात रंगमंचावर केलेलं थक्क करणारं पुनरागमन. तिच्याबद्दल बोलताना नाटक-सिनेमावाल्या मंडळींचा आवाज एका जागी हमखास खाली येतो. १९९२ ते २०१५ ती मजूर पक्षाची खासदार होती आणि त्या काळात तिने अभिनय जवळजवळ पूर्ण सोडला होता. काय काय करून दाखवलं असतं हो तिने! तेवीस वर्षं वाया घालवली.

माझं म्हणणं असं, की ती वाया गेली नाहीत; आणि कलावंताने राजकारणात यावं का, हा प्रश्न आपण ज्या तऱ्हेने विचारतो ती तऱ्हाच चुकलेली आहे. नट राजकारणात आला यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही आणि टाळ्या वाजवण्यासारखंही काही नाही. बघायचं ते एवढंच, की आत शिरताना त्याने आपलं नटपण चपलांसारखं दाराशी काढून ठेवलं, की तेच पायात घालून तो थेट गाभाऱ्यात गेला. ग्लेंडाने काढून ठेवलं. त्यामुळे तिचं उदाहरण दोन्ही तटांना अडचणीचं आहे, आणि म्हणूनच मला ते उपयोगाचं वाटतं.

ती आली कुठून, ते आधी बघू. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड आहे. तिथे ९ मे १९३६ रोजी एका गवंड्याच्या घरी ती जन्मली. नाव ठेवलं ते ग्लेंडा फॅरेल या हॉलिवूडच्या नटीवरून. त्या घरात श्रीमंती काय ती एवढीच. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगी ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानात कामाला लागली. दोन वर्षं तिने तिथे गिऱ्हाइकं सांभाळली, हौशी मंडळींबरोबर नाटकं केली आणि मग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या राडा या नाट्यशाळेत गेली. तिथल्या प्रमुखांनी तिला बजावलं, की तू नायिकेच्या साच्यातली नाहीस, चाळिशीपर्यंत फारशा कामाची आशा धरू नकोस. पुढची काही वर्षं तर तो शाप खराच ठरतोय असं वाटावं अशी गेली. १९६४ मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रुकने तिला हेरलं. त्याच्या ‘मारा/साद’ नाटकात वेड्यांच्या इस्पितळातली एक रोगी मुलगी शार्लोट कोर्देची, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी मारा याचा खून करणाऱ्या बाईची भूमिका करते; ती मुलगी ग्लेंडाने केली आणि नाटकाबरोबर ती न्यूयॉर्कला पोचली. १९६९ च्या ‘विमेन इन लव्ह’साठी पहिलं ऑस्कर, १९७३ च्या ‘अ टच ऑफ क्लास’साठी दुसरं. मधे १९७१ मध्ये बीबीसीवर पहिल्या एलिझाबेथ राणीवरची सहा भागांची मालिका ‘एलिझाबेथ आर’. त्या राणीसाठी तिने कपाळावरचे केस वस्तऱ्याने काढले होते. टोप किंवा टक्कल चिकटवणं तिला खोटं वाटलं. ऑस्कर घ्यायला ती दोन्ही वेळा गेली नाही. बाहुल्या आईकडे ठेवल्या होत्या आणि आईने घासून घासून त्यांचा सोनेरी मुलामा घालवला, असं ती मजेने सांगे.

अशी बाई पंचावन्नाव्या वर्षी उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेड अँड हायगेट मतदारसंघातून उभी राहते, हुजूर पक्षाकडची जागा काढून घेते, आणि सगळं बंद करून खासदारकीला बसते. हळहळणाऱ्यांची बाजू इथे खरोखर भक्कम आहे आणि ती हलक्यावर नेणं अप्रामाणिकपणाचं होईल. अभिनय ही देहाने करायची कला आहे. लेखक दहा वर्षं गप्प बसला तरी त्याची वही त्याची वाट पाहते; नटीचं पंचावन्न ते अठ्ठ्याहत्तर हे वय मात्र एकदाच येतं. त्या वयाच्या बाईसाठी लिहिलेल्या चांगल्या भूमिका आधीच मोजक्या, आणि ज्या आहेत त्या पेलणाऱ्या नट्या त्याहून मोजक्या. खासदार तिच्याऐवजी दुसरं कुणीही होऊ शकलं असतं. त्या भूमिका तिच्यासारख्या दुसरं कोण करणार होतं?

हा युक्तिवाद मला पटता पटता राहतो, कारण त्याच्या तळाशी एक गृहीत लपलेलं आहे: प्रतिभा ही रसिकांची ठेव आणि कलावंत तिचा पगारी राखणदार. उत्तम शल्यचिकित्सक पन्नाशीत सरकारी आरोग्यखात्यात गेला तर आपण त्याच्या न झालेल्या शस्त्रक्रिया मोजत बसत नाही. प्राध्यापक कुलगुरू झाला तर न शिकवलेल्या तासांचा हिशेब मागत नाही. मग नटीकडेच ही वसुली का? कारण आपल्याला ती नागरिक म्हणून दिसतच नाही, करमणुकीचा साठा म्हणून दिसते. ‘तुम्ही महान आहात’ या वाक्याच्या पोटात ‘तेव्हा तुम्ही आमच्यासाठी नाचत राहा’ हे दुसरं वाक्य दडलेलं असतं. त्या हळहळीत प्रेम आहे, नाही कसं म्हणू. पण मालकीची भाषाही आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ठीक आहे, गेली. पण तिथे जाऊन केलं काय? इथे मान्य करायला हवं, की मंत्री म्हणून तिची कारकीर्द सामान्य होती. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर सत्तेवर आले, तिला वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्रिपद मिळालं आणि लंडनच्या वाहतुकीचं काम आलं. त्या दोन वर्षांतलं लोकांच्या लक्षात राहिलेलं असं काही शोधून सापडत नाही. १९९९ मध्ये तिने मंत्रिपद सोडलं, लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली आणि फ्रँक डॉब्सन आणि केन लिव्हिंगस्टन यांच्यामागे तिसरी आली. २०१० मध्ये मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, तेव्हा ती निवडून आली ती अवघ्या ४२ मतांनी. ज्या चेहऱ्याला ब्रिटनमधलं घर न् घर ओळखत होतं, त्या चेहऱ्याला बेचाळीस मतांचं मताधिक्य!

पण हे आकडे नेमके कुणाविरुद्ध पुरावा देतात? पहिल्या तटाची भीती ही, की नट प्रसिद्धीच्या जोरावर मतदारांना भुलवतो. बेचाळीस मतं कोणत्या भुलीची खूण आहे? दुसऱ्या तटाची आशा ही, की कलावंत राजकारण बदलून टाकतो. कनिष्ठ मंत्र्याने काय बदलायचं असतं? ती इतर शेकडो खासदारांसारखी एक खासदार होती. मतदारसंघातल्या लोकांना ठरल्या वेळी भेटून त्यांची गाऱ्हाणी ऐकण्याच्या बैठकीला ब्रिटनमध्ये ‘सर्जरी’ म्हणतात. घर मिळत नाही, भत्ता अडकलाय, वडिलांना इस्पितळात खाट नाही. अशा बैठका तिने तेवीस वर्षं घेतल्या. यात फोटो नाही, टाळी नाही, कुणाला आठवेल असा प्रवेश नाही. सामान्यपणाचा आरोप मला म्हणूनच उलटा वाटतो. नटीने राजकारणात सामान्य राहणं स्वीकारावं, याहून नटपण सोडल्याचा दुसरा पुरावा कोणता?

आणि सामान्य म्हणजे मिंधी नव्हे. १८ मार्च २००३ रोजी इराक युद्धाच्या ठरावावर मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं, त्यांत ती होती. ब्लेअर यांनी पायउतार व्हावं असं ती उघड म्हणत राहिली. ‘नटांना पटकथा लागते, पक्ष देईल ते संवाद ते म्हणतात,’ असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी पक्षाने दिलेले संवाद कुणी म्हटले आणि कुणी नाकारले याची यादी जरूर पाहावी. म्हणणाऱ्यांत वकील निघतील, प्राध्यापक निघतील, पत्रकार निघतील. या व्यवसायांकडे आपण कधी परवाना मागत नाही, हेही गमतीचंच आहे. गवंड्याची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, दुकानात उभं राहून पगार घेतलेली. त्या सभागृहात अशी पार्श्वभूमी असलेले कितीसे लोक होते? ती नटी होती एवढंच आपण मोजतो, आणि नटी होण्याआधी जी होती ते विसरतो.

नाटक आणि राजकारण यांचा संबंध तिच्यापासून सुरू होत नाही. ज्यांना तो नासका वाटतो त्यांनी नाटककार शेरिडनकडे वळून पाहावं. रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन १७८० मध्ये खासदार झाला, त्याआधीच त्याची सुखान्तिका लंडन गाजवत होती आणि ड्रुरी लेन नाट्यगृह त्याच्या ताब्यात होतं. फेब्रुवारी १७८७ मध्ये, म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई चालू असताना, तो हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर बोलायला उभा राहिला. हेस्टिंग्जने अवधच्या बेगमांचा खजिना कसा लुबाडला, यावर पाच तासांहून अधिक वेळ तो बोलला. सभागृह इतकं हेलावलं, की लोक भानावर येईपर्यंत निर्णय नको म्हणून कामकाज तहकूब करावं लागलं. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला, तेव्हा त्याचं भाषण ऐकण्यासाठी प्रवेशिका चढ्या भावाने विकल्या गेल्या. आणि शेवट? सात वर्षं खटला चालून १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. अवधच्या बेगमांना त्या पाच तासांतून एक रुपयाही परत मिळाला नाही. नाट्यमय वक्तृत्वाने माणसं रडतात, पण निकाल फिरतोच असं नाही, हा धडा पहिल्या तटाने घ्यावा असा आहे आणि त्यात तथ्यही आहे. मात्र शेरिडन बोलला नसता तर इंग्लंडमधल्या किती लोकांनी अवध हे नाव तरी ऐकलं असतं, हेही विचारायला हवं. बत्तीस वर्षं खासदार राहिलेल्या या माणसाला आपण राजकारणी म्हणून ओळखले जावं असं वाटे. मेल्यावर वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला जागा मिळाली ती कवी-लेखकांच्या कोपऱ्यात, गॅरिक या नटाशेजारी. नावामागे एकदा नाटक लागलं की मरणानंतरही ते सुटत नाही.

शेरिडनने आपली कला सभागृहात आणली, ग्लेंडाने बाहेर ठेवली. फक्त एकदा ती आत आली असं म्हणता येईल. १० एप्रिल २०१३. मार्गारेट थॅचर यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सभागृह भरलं होतं. विरोधकही जपून, गोडव्याने बोलत होते. ही उठली आणि थॅचरकाळातला आपला मतदारसंघ सांगू लागली. रात्र झाली की दुकानांचे उंबरठे बेघरांची झोपायची खोली, बसायची खोली आणि न्हाणीघर होत. शाळेच्या भिंतींचा गिलावा मुलांनी काढलेल्या चित्रांनी आणि चिकटपट्टीने धरून ठेवलेला असे. ग्रंथालयात फळ्या रिकाम्या, असलेली पुस्तकंही चिकटपट्टीवर तगलेली. लोभ, स्वार्थ, दुबळ्याकडे पाठ फिरवणं हे दुर्गुण आहेत असं मला शिकवलं होतं, या राजवटीने त्यांना सद्गुण ठरवलं, असं ती म्हणाली. समोरच्या बाकांवरून ओरडा झाला. सभासदाने संसदीय मर्यादा ओलांडलेली नाही, असा निर्वाळा अध्यक्ष जॉन बर्को यांना द्यावा लागला.

हे भाषण मी अनेकदा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी शेवटाजवळ अडखळलोय. पहिली महिला पंतप्रधान म्हणता, ठीक आहे, पण स्त्री? माझ्या व्याख्येत नाही, अशा अर्थाचं ती तिथे बोलते. हे चूक होतं. स्त्रीपणाचे दाखले वाटायचा अधिकार तिला कुणी दिला? कठोर राज्यकर्त्या बाईला ‘ही बाईच नव्हे’ म्हणणं हे पुरुषांचं जुनं हत्यार. ते तिने उचलायला नको होतं. आपल्याकडे मृताविषयी वाईट बोलू नये म्हणतात, तेवढ्यापुरता हा आक्षेप असता तर मी तो सोडून दिला असता. सरकारी इतमामाने ज्यांना निरोप दिला जातो त्यांच्या कारभाराचा हिशेब त्याच दिवशी मांडण्यात गैर काही नाही.

पण ‘बाई तिथे नाटक करत होती’ हा जो आरोप झाला, त्याची मजा बघा. सत्तरच्या दशकात पक्षनेत्या झाल्यावर थॅचर यांचा आवाज फार चिरका वाटतो असं सल्लागारांना वाटलं. थोर नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या शब्दाने नॅशनल थिएटरच्या आवाज-शिक्षिकेकडे त्यांच्या शिकवण्या सुरू झाल्या आणि आवाज खाली, घुमारदार झाला. म्हणजे त्या सभागृहाच्या इतिहासातल्या सर्वांत परिणामकारक आवाजांपैकी एक नाट्यशिक्षणातून घडला होता, आणि तो नटीचा नव्हता. राजकारणी अभिनय करतातच. आपणही कुणी खोटं बोलताना दिसला की ‘नाटकं करू नकोस’ म्हणतो, जणू नाटक म्हणजे खोटेपणा. ग्लेंडाला हे मान्य झालं नसतं. नाट्यगृहात तीस सेकंद खपवून घेतला जाणार नाही असा अहंकार मी संसदेच्या व्हरांड्यात फिरताना पाहिला, असं ती सांगत असे.

व्हेनेसा रेडग्रेव्हची वाट वेगळी होती. तीही तितकीच मोठी नटी, राजकारणात ग्लेंडाहून कितीतरी जहाल. निवडणुका लढवल्या, हरली, पण रंगमंच सोडला नाही. १९७८ मध्ये ऑस्कर घेतानाच तिने आपल्या पॅलेस्टाइनवादी भूमिकेच्या विरोधकांना झोडपलं आणि सभागृहात टाळ्यांबरोबर हुर्योही झेलली. १९८२ मध्ये बॉस्टनच्या वाद्यवृंदाने तिच्याशी केलेला करार रद्द केला, ती कोर्टात गेली. तिने किंमत मोजली, यात शंका नाही. आपल्याकडे पु. ल. देशपांडे १९७७ मध्ये आणीबाणीविरुद्ध सभा घेत फिरले आणि निकाल लागल्यावर पुन्हा आपल्या कामाला लागले. हीदेखील एक स्वच्छ वाट. नको आहे ती चौथी: खासदारकीची शपथ घ्यायची, चित्रीकरणाच्या तारखाही सांभाळायच्या, सभागृहात महिन्यातून एकदा दर्शन द्यायचं आणि मतदारसंघाला पाच वर्षं चाहता संघ समजायचं. दोन्ही तटांनी नावं बाजूला ठेवून या चौथ्या वाटेवर भांडावं. पण त्यासाठी उपस्थितीपट पाहावा लागतो, फोटो पुरत नाही.

राहिली ती ‘वाया गेलेली’ वर्षं. २०१५ मध्ये तिने निवडणूक लढवली नाही. २०१६ च्या शरद ऋतूत, ऐंशीव्या वर्षी, पंचवीस वर्षांच्या खंडानंतर ती लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात उभी राहिली ती शेक्सपिअरचा किंग लिअर म्हणून. राजाची बायको नाही, मुलगी नाही, राजाच. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात अचंबा वाटू नये. नवऱ्या मुलीच्या वेषात पुरुष चालतो तर राजाच्या वेषात बाई का नको? शिरवाडकरांनी लिअर मराठीत आणताना राजाचा नट केला होता. इथे नटी खासदारकी करून राजा झाली. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला एडवर्ड ऑल्बीच्या नाटकासाठी टोनी पुरस्कार, २०१९ मध्ये तिथेच पुन्हा लिअर, त्याच वर्षी बीबीसीवर स्मृतिभ्रंश झालेल्या म्हातारीची भूमिका आणि तिच्यासाठी बाफ्टा. २०२३ मध्ये मायकेल केनबरोबरचा शेवटचा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ती नव्हती.

लिअर बाईने कसा करायचा, असं तिला विचारलं जाई. खासदार असताना मी वृद्धाश्रमांमध्ये जात असे, ती सांगायची. तिथे दिसायचं, की माणूस म्हातारा होत जातो तसे बाई आणि पुरुष यांच्यामधले बांध ढासळू लागतात, धुक्यात जातात. हे निरीक्षण कोणत्या नाट्यशाळेत मिळालं असतं? तेवीस वर्षं ती फक्त नाटकं करत राहिली असती तर त्या दिवाणखान्यांमध्ये, त्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये कशाला गेली असती? थॅचर यांना स्त्रीपण नाकारणारी बाई तीन वर्षांनी हे बोलते, यातली विसंगती मला दिसते. पण हेही दिसतं, की हे शहाणपण तिने खासदारकीच्या कामातच जमवलं होतं, फक्त ते बोलून दाखवायला तिला रंगमंच लागला.

त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात वादळ आहे. राज्य मुलींना वाटून बसलेला राजा उघड्या माळावर भिजतो आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आठवतात ती त्याच्याच राज्यातली उघडीनागडी, उपाशी माणसं. डोक्यावर छप्पर नसताना असल्या रात्री ती कशी काढत असतील? मग तो म्हणतो, याकडे मी फारच कमी लक्ष दिलं. दुकानांच्या उंबरठ्यांवर झोपणाऱ्यांबद्दल संसदेत बोललेली, तेवीस वर्षं घर मागणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकलेली बाई, ऐंशीव्या वर्षी, रोज संध्याकाळी हे वाक्य म्हणत होती.